चुना खाल्ल्यानं खरंच कॅल्शियम मिळतं का? कळीच्या चुन्यापासून निवळीपर्यंतची केमिस्ट्री

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. माझं गाव कुंडल, तालुका पलूस, जिल्हा सांगली. रात्री जेवायला बसलो तर आईनं दह्याच्या वाटीत काहीतरी पांढरं बोटानं कालवलं. म्हटलं, हे काय?

"चुना हाय. गव्हाच्या दाण्याएवढा रोज खायचा. सत्तर रोगांवर चालतोय म्हणं."

आणि लगेच मोबाईल पुढं केला. रील होती. मागं गंभीर म्युझिक, पुढं एक माणूस ठाम आवाजात सांगतोय की हाडं, गुडघे, उंची, स्मरणशक्ती, कावीळ, सगळ्यावर एकच औषध, ते पण पाच रुपयांत. तुम्हालाही आली असेल. नसेल तर घरच्या ग्रुपवर शोधा, सापडेल.

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या?" मी विचारलं.

"त्या बंद केल्या की. दोन महिनं झालं. त्यात बी कॅल्शियम, ह्यात बी कॅल्शियम. मग पैसं घालवायचं कशाला?"

खरं सांगतो, मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी दिवसभर कोड लिहितो. केमिस्ट्रीशी शेवटचा संबंध फर्स्ट इयरच्या पेपरात आला होता आणि तो पेपर मी कसाबसा काढला होता. शिवाय आईचं वाक्य खोटं नव्हतं. चुन्यात कॅल्शियम असतं, गोळीतही असतं. मग फरक कुठं आहे? "अगं, रीलवर काय विश्वास ठेवतेस" एवढं बोलून भागलं नसतं. ती म्हणाली असती, तू पण मोबाईलवरच वाचतोस की.

म्हणून सुट्टीचे चार दिवस चुन्याच्या मागं लागलो. आमच्या गावात चुना कुठंकुठं आहे हे बघायला लागलो आणि दर वळणावर तो सापडत गेला. द्राक्षबागेत, गुऱ्हाळावर, साखर कारखान्यात, टपरीवर. त्या चार दिवसांत जे कळलं ते सांगतो. आईच्या प्रश्नाचं उत्तरही येईल, पण आधी चुना म्हणजे नक्की काय ते बघू.

एकच दगड, तीन रूपं

आपण "चुना" हा एकच शब्द तीन वेगळ्या पदार्थांसाठी वापरतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पहिला पदार्थ चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शहाबादी फरशी, संगमरवर, शंख-शिंपले, अंड्याचं कवच, सगळ्यात मुख्य पदार्थ हाच. स्वभावानं शांत. हातात घ्या, काही होत नाही.

ही चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागं उरतो कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो, ४४ किलो वायू हवेत जातो.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, वाफा निघतात, ढेकळं आपोआप फुटून पीठ होतं. हा तिसरा पदार्थ, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. शाळेच्या पुस्तकात याला "विरी गेलेला चुना" म्हणायचे. पानाला लावतात तो हाच, पाण्यात कालवून मलई केलेला.

त्या फसफसण्यात किती ऊर्जा असते बघा. एक किलो कळीचा चुना पूर्ण विरला तर सुमारे १,१५० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीन लिटर गार पाणी उकळीला आणायला एवढी पुरते. आपल्या भाषेत सांगायचं तर ५,००० एमएएचचा फोन सोळा वेळा फुल चार्ज करण्याइतकी ऊर्जा. ती आली कुठून? भट्टीतून. भट्टीनं दगड "चार्ज" केला आणि पाण्यानं तो डिस्चार्ज केला. म्हणून कळीचा चुना ओल्या पोत्यात ठेवू नये आणि त्यावर वाकून पाणी ओतू नये. उडालेला थेंब गरमही असतो आणि जाळणाराही.

विरलेला चुना उघड्यावर राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे फिरून तिथंच. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या भिंती याच्यावरच उभ्या आहेत. अनेक किल्ल्यांवर गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक दिसतं, तो चुन्याचा घाणा. तिथं चुना आणि वाळू मळायचे, दगडांच्या सांध्यात भरायचे आणि पुढची कित्येक वर्षं तो चुना हवेतून वायू घेऊन पुन्हा दगड होत राहायचा. आपण त्यापुढं उभं राहून सेल्फी काढतो आणि पुढं जातो. मीही तेच केलं होतं.

घरच्या घरी ओळखायचं असेल तर लिंबू पिळा. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर किंवा अंड्याच्या कवचावर बारीक बुडबुडे येतात, कारण आम्लामुळं अडकलेला वायू सुटतो. ताज्या चुन्यावर असे बुडबुडे येत नाहीत, कारण त्याच्यातला वायू भट्टीतच गेलेला असतो. (घरातल्या चालू फरशीवर हा प्रयोग करू नका. डाग पडतो. आई ओरडते. अनुभव आहे.)

निवळी: कमी विरघळते, पण जोर मोठा

चुना पाण्यात ढवळून ठेवला की गाळ खाली बसतो आणि वर जे नितळ पाणी राहतं ती चुन्याची निवळी. दिसायला साधं पाणी. एका लिटर पाण्यात चुना विरघळतो फक्त पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. मीठ एका लिटरमध्ये साडेतीनशे ग्रॅमच्या वर विरघळतं, म्हणजे चुना त्यापुढं काहीच नाही. आणि गंमत अशी की पाणी गरम केलं तर चुना आणखी कमी विरघळतो. साखरेच्या बरोबर उलट.

पण एवढ्याशा चुन्यानं पाण्याचा पीएच १२.४ पर्यंत जातो. पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीची पट्टी. ७ म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर अल्कली. ही पट्टी भूकंपाच्या रिश्टर स्केलसारखी दहापटीनं चढते, त्यामुळं १२.४ म्हणजे मधल्यापेक्षा दोन लाख पटींहून जास्त अल्कली. "निवळीच तर आहे, पाणीच की" असं म्हणणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा.

निवळीचा प्रयोग फोननं भारी होतो. विरलेला चुना अर्धा चमचा, स्वच्छ पाणी अर्धा लिटर, झाकणाची बाटली. हलवून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पाणी दुहेरी कापडातून अलगद गाळा. काचेच्या ग्लासात घेऊन बाजूनं फोनचा टॉर्च लावा. निवळी नीट गाळली असेल तर पाण्यात प्रकाशाचा पट्टा जवळजवळ दिसत नाही. आता स्ट्रॉनं हळू फुंका. थोड्या वेळात पाणी दुधाळ होतं आणि टॉर्चचा पट्टा ठळक दिसायला लागतो. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि निवळीतला चुना मिळून चुनखडीचे बारीक कण तयार झाले. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं १७५० च्या दशकात याच निवळीनं दाखवलं होतं की आपल्या श्वासात साध्या हवेपेक्षा वेगळा वायू असतो. स्ट्रॉनं फक्त फुंकायचं, ओढायचं नाही, आणि डोळ्याला चष्मा असू द्या.

फुंकायचा कंटाळा असेल तर ग्लास उघडा ठेवून टाइमलॅप्स लावा. काही तासांत वर दुधावर येते तशी पातळ साय धरते. ती पण चुनखडीच.

आणि दुधाळ झालेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड आणखी जात राहिला तर चुनखडी पुन्हा विरघळायला लागते. चुनखडीचा बायकार्बोनेट झाला आणि विरघळला. आमच्या बोअरच्या पाण्यात हेच असतं. ते तापवलं की उलटी क्रिया होते आणि हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. लिंबूसत्वाच्या पाण्यात कॉइल भिजवली की थर सुटतो. फरशीवर लिंबू पिळण्याचाच प्रकार, पण कामाचा.

काकांचा खिळा

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. तासगाव, पलूस, मिरज हा सगळा पट्टा द्राक्षांचा, आणि द्राक्षवाल्याची झोप उडवणारे दोन शब्द म्हणजे डाऊनी आणि भुरी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, ढगाळ राहिलं, पानावर दव धरलं की डाऊनी येतो. पानावर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, आणि घडावर गेला तर वर्षाचं पीक हातचं गेलं.

डाऊनीवर काका अजूनही बोर्डो मारतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. नाव फ्रान्सच्या बोर्दो शहराचं. १८८२ साली तिथले प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत आहेत आणि आतल्या वेलींची डाऊनीनं झडली आहेत. चौकशी केली तर मालकानं रस्त्याकडेला मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडलं होतं, ते पण रोगासाठी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून! निळसर डाग बघून लोक घाबरायचे. मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. आज कुंडलच्या बागेत तीच चालते.

एक टक्का बोर्डोसाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये, चुना वेगळ्या. लोखंडी भांडं चालत नाही. मग मोरचुदाचं निळं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ढवळत ओतायचं. आकाशी रंगाचं मिश्रण तयार होतं आणि ते त्याच दिवशी संपवायचं.

इथं चुना करतो काय? बुरशी मारतं ते तांबं. पण नुसतं मोरचूद आम्लधर्मी असतं आणि त्यातलं सगळं तांबं एकदम मोकळं असतं. तसंच मारलं तर बुरशीबरोबर पानंही करपतात. चुना ते आम्ल मारतो आणि तांब्याला न विरघळणाऱ्या रूपात बांधून ठेवतो. मग पानावर चिकटलेल्या थरातून ते थोडं थोडं सुटत राहतं. म्हणजे चुना इथं स्पीड लिमिटर आहे.

काकांनी मिश्रणात एक घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा बुडवला, थोड्या वेळानं बाहेर काढला आणि मला दाखवला. खिळ्यावर तांबूस झाक आली होती.

"बघ. चुना कमी पडला," काका म्हणाले. "आता असंच मारलं तर पान जळतंय."

मला हे फार आवडलं. मोकळं तांबं शिल्लक असेल तर लोखंड त्याची जागा घेतं आणि तांबं खिळ्यावर बसतं. सोपी, फुकट, लगेच उत्तर देणारी टेस्ट. आम्ही ऑफिसात कोड सोडण्याआधी जे करतो तेच, फक्त लॅपटॉपच्या जागी खिळा.

पण एकास एक माप घेऊनही चुना कमी का पडला? गोणी मागच्या वर्षीची होती, तोंड उघडं. वर सांगितलं ते आठवा. विरलेला चुना हवा खाऊन परत चुनखडी होतो. गोणीत दिसायला तीच पांढरी पूड होती, वजनही होतं, पण तिच्यातली बरीचशी आता शांत चुनखडी झाली होती. ती आम्ल पटकन मारत नाही. मी त्या पुडीवर लिंबू पिळून बघितलं. मस्त बुडबुडे आले. काकांनी नवीन चुना आणला, थोडा वाढवला, पुन्हा खिळा बुडवला. या वेळी खिळा कोरा राहिला.

त्यांनी मग एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. चुन्याचं आणि बागेचं नातं नेहमी गोडीचं नसतं. आपल्या भागात काही रानं चुनखडीची आहेत, मातीत पांढरे खडे दिसतात. तिथं मातीचा पीएच चढलेला असतो, लोह असूनही मुळांना घेता येत नाही आणि कोवळी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात. म्हणजे पानावर मारायला चुना पाहिजे, पण मुळाशी जास्त झाला की वेल उपाशी.

ऊस, गूळ आणि हळद

कुंडलमध्ये क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा आणि हवेत गोडसर वास. साखरेच्या पोत्यामागं चुना असतो हे मात्र मला पंचविशी उलटल्यावर कळलं.

उसाचा रस थोडा आम्लधर्मी असतो, पीएच सव्वापाचच्या आसपास. तो तसाच तापवला तर साखर तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि दाणा कमी पडतो. म्हणून आपल्याकडं पांढरी साखर करणारे कारखाने रसात चुन्याचं दूध सोडतात, सोबत गंधकाचा वायू, आणि पीएच ७ च्या जवळ आणतात. चुन्यातलं कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटला पकडतं, त्याचा गाळ होतो आणि तो गाळ रसातला कचरा घेऊन खाली बसतो. वरचा स्वच्छ रस पुढं जातो. गाळ गाळून निघतो ती मळी, शेतात खत म्हणून जाते.

गुऱ्हाळावर हेच काम नजरेनं होतं. काहिलीतल्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस आणि थोडी निवळी घालतात, मळी वर येते ती झाऱ्यानं काढतात. निवळी जास्त झाली तर गूळ काळपट पडतो. चांगल्या गुळव्याकडं पीएच मीटर नसतो, त्याचा हात असतो.

हळदीचं तर तुम्ही केलंच असेल. पांढऱ्या शर्टावर भाजीचा डाग पडला, साबण लावला की डाग लालभडक. हळदीतला कर्क्युमिन अल्कलीत लाल होतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं, तिच्यात चुना कालवून बघा, पारंपरिक कुंकवाचा रंग समोर येईल. कागदावर हळदीचं पाणी लावून वाळवलं तर घरचा इंडिकेटर कागद तयार. मुरगळलेल्या पायावर हळद-चुन्याचा लेप आपल्याकडं सगळेच लावतात. त्वचा फाटलेली असेल तर मात्र लावू नये, आत जळतं.

तळहातावरचा चुना

हा भाग छोटा आहे, पण सांगायलाच पाहिजे. आमच्या आजोबांची चंची होती. तंबाखू, चुना, तळहातावर अंगठ्यानं मळणं, थाप. चुना कशाला? चवीला, असं मला वाटायचं.

तंबाखूतलं निकोटिन आम्लात "मिठाच्या" रूपात अडकलेलं असतं आणि त्या रूपात ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून फारसं आत जात नाही. पीएच ८ च्या वर गेला की ते मोकळं होतं आणि झपकन रक्तात जातं. चुना नेमकं हे करतो. बागेत तांब्याला ब्रेक लावणारा चुना इथं निकोटिनचा ॲक्सिलरेटर दाबतो. वर रोज तीच जागा चुन्यानं सोलवटते ते वेगळंच. आता पाकिटातून मिळणाऱ्या तंबाखूबरोबर चुन्याची पुडी जोडूनच येते, त्यामागं हीच केमिस्ट्री आहे.

आता आईचा हिशोब

चौथ्या दिवशी मी आईसमोर वही घेऊन बसलो. दुकानातल्या नाजूक काट्यावर शंभर गहू मोजून ठेवले होते. चार ग्रॅम. म्हणजे एक दाणा ४० मिलिग्रॅम. चुन्याची मलई थोडी जड धरली तरी दाण्याएवढा चुना म्हणजे ४०-५० मिलिग्रॅम, आणि त्यात निम्मं पाणी. राहिला २०-२५ मिलिग्रॅम कोरडा चुना. त्यात कॅल्शियम वजनानं ५४ टक्के. म्हणजे साधारण १२ मिलिग्रॅम.

मोठ्या माणसाला दिवसाला किती लागतं? आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १,००० मिलिग्रॅम, पाळी थांबलेल्या बायकांना १,२००. म्हणजे दाणाभर चुन्यानं गरजेचा एक टक्का भरतो. दोन चमचे दुधात तेवढं असतं.

"आणि तू तो चुना दह्यात खातेस," मी म्हटलं. "त्या वाटीभर दह्यातच शंभराच्या वर आहे. औषध दही आहे, चुना नुसता वर बसलाय."

आई काही बोलली नाही. मग मी गोळ्यांची पट्टी आणली आणि मागचं बारीक अक्षर फोननं झूम करून दाखवलं. कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम, त्यातून कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, सोबत डी-३ जीवनसत्त्व. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुनखडी. तीच, शहाबादी फरशीतली, फक्त शुद्ध केलेली, मोजलेली आणि शांत रूपातली. एका गोळीएवढं कॅल्शियम चुन्यातून घ्यायचं तर चाळीसच्या वर दाणे लागतील. म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम चुना, पीएच १२.४, रोज. पोटात पोचल्यावर दोघांचंही तिथल्या आम्लाबरोबर कॅल्शियम क्लोराइडच होतं, तिथं फरक नाही. फरक पोटाआधी आहे. ओठ, जीभ, गाल, अन्ननलिका. गोळी तिथून मुकाट्यानं जाते, चुना जाळत जातो.

"तरीच," आई म्हणाली. "गालाला आतनं फोड आलेत चार दिवस झालं. मी म्हटलं उष्णता वाढली."

विचारल्यावर कळलं की दाण्याचं हळूहळू बोट झालं होतं. रीलमध्ये माप सांगितलं होतं, पण रोज खाताना माप कोण बघतं. खूप चुना रोज पोटात जाण्याचा पुढचा धोकाही खरा आहे. पानाबरोबर भरपूर चुना खाणाऱ्या काहींच्या रक्तात कॅल्शियम आणि अल्कली वाढून किडनीवर परिणाम झाल्याच्या नोंदी वैद्यकीय लेखांत आहेत. आणि टपरीवरचा चुना औषध म्हणून कुणी तपासलेला नसतो.

मग जुन्या बायका बाळाच्या दुधात निवळीचे थेंब घालायच्या ते? घालायच्या. त्या काळच्या इंग्रजी औषधकोशातही निवळी होती, दुधाचं पोटात घट्ट दही होऊ नये म्हणून ती दुधात मिसळायचे. आज त्याच्यापेक्षा बरी साधनं आहेत आणि बाळाच्या बाबतीत अंदाजानं थेंब घालायचं काही कारण नाही. चुना अन्नात येऊच नये असंही नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यानं साल सुटतं आणि मक्यात अडकलेलं नायसिन जीवनसत्त्व अंगी लागतं. पेठ्याचा कोहळा निवळीत भिजवला की फोडी कडक राहतात. पण या सगळ्यात नंतर पाण्यानं धुणं असतं. कच्ची मलई कुणी चाटत नाही.

कॅल्शियमच हवं असेल तर शंभर ग्रॅम नाचणीत तीनशेच्या वर मिलिग्रॅम आहे, तिळात त्याहून कितीतरी जास्त. दूध-दही आहेच. आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती बंद करायचा निर्णय रीलवरून घ्यायचा नाही.

ट्यूब आणि डोळा

हे लिहिताना मुद्दाम शेवटी ठेवलं, पण घरात लहान मूल असेल तर आधी हेच वाचा.

आईची चुन्याची ट्यूब टीव्हीशेजारी असायची. त्याच दिवाळीत चुलतभावाचा चार वर्षांचा मुलगा ती तोंडासमोर धरून दाबत होता. झाकण घट्ट बसलं होतं म्हणून मागची शिवण फुटली आणि चुना गालावर उडाला. डोळ्यापासून दोन बोटं खाली.

चुन्याची पुडी किंवा ट्यूब फुटून मुलांचे डोळे जाणं ही आपल्या देशात नवीन गोष्ट नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००६ साली यावर लेख लिहिला होता. आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला जास्त घातक, कारण ती पेशींतल्या चरबीचा अक्षरशः साबण करत आत आत जाते. आणि चुना तर पापणीखाली गोळ्यासारखा चिकटून बसतो. अश्रूंत थोडा थोडा विरघळत राहतो, म्हणजे तिथंच बसून निवळी तयार करत राहतो.

चुना डोळ्यात गेला तर त्याच सेकंदाला साध्या स्वच्छ पाण्यानं धुवायला सुरू करा. नळाखाली, तांब्यानं, बाटलीनं, जे हाताशी असेल त्यानं. निदान वीस-तीस मिनिटं, पापण्या वर-खाली उघडून, दिसणारे कण ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकानं काढत. डोळा चोळायचा नाही. "चुन्यावर पाणी टाकलं की तापतो" हे कळीच्या चुन्याचं आहे. ट्यूबमधला चुना आधीच विरलेला असतो, त्याला पाणी लावायला घाबरू नका. अंगावर कळीची कोरडी पूड पडली असेल तर आधी झटका, मग भरपूर पाणी. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात म्हणून डोळ्यात लिंबू, व्हिनेगर काही घालायचं नाही. दूध, तूप, काजळ तर नाहीच. धुऊन झालं की लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं, दुखणं कमी वाटलं तरी.

आमच्या पोराचा गाल मोरीत धुतला, तासाभरात लाली गेली. ट्यूब आईनं स्वतःच माळ्यावर नेऊन ठेवली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. गव्हाच्या दाण्याचा हिशोब तिनं वहीच्या पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर सात अंगठे आले आणि आठवा मेसेज आत्याचा होता: "मग तुरटीचं काय?"